कपडे निवडताना, धुताना, ठेवताना: सुतीपासून पैठणीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्ता पहिल्याच धुण्यात आखूड होतो, साडी कपाटात ठेवल्या ठेवल्या घडीवर विरते, एका लाल ओढणीपायी बादलीभर कपडे गुलाबी होतात. असं बहुतेक नुकसान कापड कशाचं आहे हे न बघता सगळं एकाच बादलीत, एकाच साबणात टाकल्यामुळे होतं. म्हणून खालची बरीचशी उत्तरं धाग्यापासून सुरू होतात.

लेबल नाही. कापड सुती, रेशमी की पॉलिएस्टर, हे घरी कसं ओळखायचं?

धागा जाळून. शिवणीच्या आतल्या बाजूने किंवा काठाच्या टोकाकडून उभे दोन-तीन आणि आडवे दोन-तीन धागे काढा. दोन्ही वेगवेगळे तपासायचे, कारण उभा धागा पॉलिएस्टरचा आणि आडवा सुती, असा माल बाजारात भरपूर आहे. स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, धागा चिमट्यात धरा आणि ज्योतीजवळ न्या.

सुती धागा झटकन पेट घेतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम नाखुशीने जळतं, ज्योत काढली की विझतं, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा मणी बोटांनी चुरला की त्याची पूड होते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसून मागे सरतं, वितळतं, आणि गार झाल्यावर टणक मणी राहतो. तो चुरत नाही. हाताला चटका देणारा हाच धागा, म्हणून चिमटा हवाच.

एक मेख आहे. रेयॉनसुद्धा सुतासारखंच जळतं, कारण दोन्ही मुळात वनस्पतीचा सेल्युलोज. तिथे पाण्याची परीक्षा करा. धागा मधोमध ओला करून दोन्ही हातांनी ओढा. रेयॉन ओल्या जागी सहज तुटतं. सूत ओलं झाल्यावर उलट जास्त चिवट होतं.

‘आर्ट सिल्क’, ‘कॉटन सिल्क’, ‘सेमी पैठणी’ म्हणजे नेमकं काय?

आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम. त्यात रेशमाच्या किड्याचा काही संबंध नसतो; ते रेयॉन असतं किंवा पॉलिएस्टर. ‘कॉटन सिल्क’मध्ये खरं रेशीम असू शकतं, पण स्वस्त साडीत बहुधा सुताबरोबर रेयॉन किंवा पॉलिएस्टरच असतं. सेमी पैठणी म्हणजे पैठणीची नक्षी यंत्रमागावर कृत्रिम धाग्यात काढलेली साडी. ती वाईट नाही, रोजच्या समारंभांना सोयीची आहे, घरी धुताही येते. तिला पैठणीची किंमत मोजू नये, एवढंच.

खादी आणि हातमाग एकच का?

नाही. खादीचं सूत हाताने कातलेलं आणि कापडही हाताने विणलेलं. हातमागाच्या कापडात विणकाम हाताचं, पण सूत बहुतेक वेळा गिरणीचं. म्हणून खादीच्या धाग्यात जाड-बारीक उठाव दिसतात. ते व्यंग नव्हे. त्यामुळेच कापडात हवा खेळती राहते आणि दोन-चार धुण्यांनंतर ते मऊ पडत जातं.

सिल्क मार्क असला की साडी हातमागाची, असं धरायचं का?

धरू नका. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये सुरू केलेला सिल्क मार्क ‘धागा शुद्ध रेशमाचा’ एवढंच सांगतो. ती साडी यंत्रमागावर विणलेली असू शकते. हातमागाची खूण वेगळी, हँडलूम मार्क. तो २००६ पासून आहे आणि तो धाग्याच्या जातीबद्दल बोलत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लेबलं बघा आणि बिलावर ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ असं स्पष्ट लिहून घ्या. पुढे तक्रारीची वेळ आली तर हा कागदच कामाला येतो.

हातमागाची पैठणी कशी ओळखायची?

पदर उलटा करा. येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराने पारंपरिक पद्धतीने विणलेल्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा आपल्या आकारापुरता जाऊन परत फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकवला जातो. त्यामुळे मोर, मुनिया (पोपट), कमळ, असावली (फुलांची वेल) दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच स्वच्छ दिसतं. यंत्रावरच्या पदराच्या मागे मोकळे, लांबच लांब धागे लोंबतात किंवा कापून टाकलेले दिसतात.

काठ आणि अंग जिथे मिळतात तिथे बोट फिरवा. हातमागावर काठाचा आडवा धागा वेगळा आणि अंगाचा वेगळा असतो, ते एकमेकांत गुंतवलेले असतात. तिथे किंचित उंचवटा लागतो.

‘ब्रोकेड पैठणी’ मात्र जॅकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रणेवर होते. ती हातमागावरची असली तरी तिच्या मागे मोकळे धागे असतात. म्हणजे मागचे धागे दिसले की साडी खोटीच, असं नाही. पण अडकवणीच्या विणकामाची किंमत ब्रोकेडला देऊ नये, कारण त्या पदरामागे विणकराचे कितीतरी जास्त दिवस गेलेले असतात.

जर खरी की खोटी?

खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. हल्ली सर्रास वापरली जाते ती तांब्यावर चांदीचा हात दिलेली, किंवा सरळ चकचकीत प्लास्टिकच्या पट्टीची. टोकाचा एक धागा उकलून बघा. प्लास्टिकची पट्टी जाळल्यावर गोळा होऊन वितळते, धातूची तार राहते. चांदी किती, हे सांगणं सराफाचं काम. प्लास्टिकच्या जरीवर कडक इस्त्री ठेवली की काठ चुण्या पडून आखडतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

उन्हाळ्यासाठी कोणतं कापड घ्यावं?

कोरडा उन्हाळा आणि दमट उन्हाळा यांचा हिशेब वेगळा आहे. कापड हवेतली ओल किती धरतं, हे आधी पाहू: सूत आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, रेशीम ११, लिनन १२, रेयॉन १३, लोकर १६ आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिएस्टरमध्ये घाम अंगावर चिकटून राहतो तो यामुळेच.

नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात मध्यम जाडीचं, सैल, अंग झाकणारं सुती कापड उत्तम. घाम शोषतो, लगेच उडतो, गारवा मिळतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत मात्र जाड सुती कापड भिजून जड होतं आणि वाळत नाही. तिथे मलमल, व्हॉइल किंवा पातळ लिनन असं झिरझिरीत विणीचं कापड घ्या. विकत घेताना कापड उजेडासमोर धरा, तोंडावर ठेवून फुंकर घाला. हवा आरपार गेली पाहिजे.

सुताच्या ‘काउंट’चा आकडा जितका मोठा तितका धागा तलम. ८० किंवा १०० काउंटची साडी अंगावर सुरेख बसते, पण ती रोज घासून धुण्यासाठी नाही.

लिननला एवढ्या सुरकुत्या का पडतात?

जवसाच्या खोडाचा तो धागा ताठ असतो, त्यात लवचीकपणा फार कमी. सुरकुती अजिबात न पडणारं ‘लिनन’ कुणी विकत असेल तर त्यात पॉलिएस्टर आहे, असं धरून चाला. लिनन वर्षानुवर्षं एकाच घडीवर दाबून इस्त्री केलं की नेमकं त्या रेषेवर तुटतं. लिननचा शर्ट हँगरला लावा, साडी दर वेळी वेगळ्या जागी घडी करा.

स्वयंपाक करताना, फटाके उडवताना कोणता कपडा?

सुती, अंगाबरोबरचा. जॉर्जेट, नेट, सॅटिन आणि कुठलंही पॉलिएस्टर किंवा नायलॉन आगीजवळ नको. सूतही जळतं, पण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो आणि भाजल्याची जखम खोल करतो. दिवाळीत लहान मुलींना हौसेने घातलेले घेरदार नेटचे फ्रॉक फुलबाजीपासून लांब ठेवा. फटाके उडवण्यापुरते तरी कपडे बदलाच.

कापड शिवायला टाकण्याआधी भिजवायचं का?

हो. सुती, खादी, लिनन, रेयॉन, सगळं. विणताना आणि गुंडाळताना धागा ताणलेला असतो. पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड आटतं. अडीच मीटर कापड ५ टक्के आटलं तर साडेबारा सेंटिमीटर गेले. म्हणजे एका कुर्त्याची बाही गेली. हातमागाच्या सैल विणीचं कापड याहून जास्त आटू शकतं, म्हणून पाव मीटर जादा घ्या. साध्या पाण्यात दोन तास ठेवायचं, न पिळता निथळू द्यायचं, सावलीत वाळवायचं, किंचित ओलं असताना इस्त्री करायची.

साडीचा फॉल आणि ब्लाउजचं अस्तर ही दोन्ही कापडं विसरली जातात. फॉल सुती असतो, साधारण अडीच मीटरचा. तो न भिजवता लावला की पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि निऱ्यांच्या खालचा काठ चुणीदार होऊन वर उचलला जातो. मग इस्त्री कितीही दाबा. उपाय एकच, फॉल उसवून पुन्हा लावणं. दुकानात पिकोला देताना ‘फॉल भिजवून लावा’ असं सांगा, नाहीतर आपणच भिजवून, इस्त्री करून न्या. रेशमी ब्लाउजच्या टू-बाय-टू अस्तराचंही हेच.

मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो का?

होत नाही. रंगाऱ्याच्या कढईत मीठ घालतात ते रंग धाग्यात शिरावा म्हणून. रंगवून झालेल्या कापडाला मिठाच्या पाण्यात घातल्याने फार तर त्या वेळेपुरता रंग कमी सुटतो. पुढच्या साध्या पाण्यात तो पुन्हा सुटतो.

सुटणारा रंग हा बहुतेकदा धाग्यावर नुसता बसलेला जादा रंग असतो. तो काढूनच टाकायचा असतो. गडद लाल, जांभळा, काळा, निळा कपडा पहिले तीन-चार वेळा एकटा धुवा. गार पाणी, सौम्य साबण, पाच-सात मिनिटं, लगेच खळबळून वाळत. रात्रभर भिजत ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. धुतल्यावर ओल्या कपड्यांचा ढीग करून ठेवणं ही दुसरी. काठाचा रंग अंगावर उतरतो तो त्या ढिगातच.

घेताना दुकानातच परीक्षा करता येते. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आतल्या बाजूवर दहा-बारा वेळा घासा. रुमाल रंगला तर तो कपडा कायम वेगळा धुवायची तयारी ठेवा. नीळ म्हणजे इंडिगोचं कापड तर कोरड्या रुमालालाही थोडा रंग देतं, तो त्या रंगाचा स्वभाव आहे.

इरकल धुतल्यावर काठ सुरकुततो आणि अंग सरळ राहतं. असं का?

पारंपरिक इरकलीचं अंग सुती आणि काठ-पदर रेशमी किंवा आर्ट सिल्कचा. दोन जातींचे धागे पाण्यात सारखे आटत नाहीत. आर्ट सिल्क म्हणजे रेयॉन असेल तर तो पाण्यात फुगतो, वाळताना आखडतो. कढत पाणी आणि पीळ यांनी हे वाढतं. इरकल गार पाण्यात धुवावी, पिळू नये, दोरीवर काठ खाली लोंबता ठेवून वाळवावी आणि पूर्ण वाळायच्या आत दोघांनी समोरासमोर उभं राहून दोन्ही काठ हलक्या हाताने ताणून घ्यावेत. मग काठावर सुती फडकं ठेवून मधल्या आचेची इस्त्री. हे दोघांचंच काम आहे, एकट्याने नीट होत नाही.

खणाच्या कापडालाही हीच काळजी. शिवाय कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मूळ खणाच्या मागे बुट्टीचे मोकळे धागे असतात. अस्तर न लावता ब्लाउज शिवला तर ते बांगडीत अडकून ओढले जातात.

रेयॉनची कुर्ती दोन महिन्यांत बेढब का होते?

ओलं रेयॉन आपली जवळपास निम्मी ताकद गमावतं. त्या अवस्थेत घासलं, पिळलं किंवा हँगरला टांगलं की आकार जातो. जाळीच्या पिशवीत, नाजूक चक्रावर, गार पाण्यात धुवा आणि आडवी पसरून वाळवा. इस्त्री उलट बाजूने. मोडाल त्याच कुळातलं, पण जरा चिवट.

रेशीम घरी धुता येतं का?

जर नसलेलं, एकाच रंगाचं, साध्या विणीचं असेल तर येतं. आधी आतल्या कोपऱ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. वाळल्यावर डाग राहिला किंवा रंग फुटला तर ड्रायक्लीनच. जॉर्जेट आणि क्रेपचा धागा फार पिळदार असतो, पाणी लागलं की तो पीळ आवळतो आणि साडी वीत-वीत आखडते. ते घरी धुवू नका.

रिठ्याचं पाणी करायचं तर दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, सालं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार करून फडक्याने गाळा. अर्धी बादली गार पाण्यात ते मिसळून फेस काढा. साडी उघडी करून आत बुडवा, तळहाताने दाबत तीन-चार मिनिटं हलवा. घासायचं नाही, ब्रश नाही. दोन-तीन पाण्यांत खळबळा. मग सुती टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा, दाबून पाणी टिपा आणि सावलीत वाळवा. रिठ्याने पांढऱ्या आणि फिक्या रेशमावर पिवळट झाक येते, त्यासाठी लोकरी कपड्यांचा द्रव साबण वापरा.

नेहमीची धुण्याची पावडर रेशमाला आणि लोकरीला का नको?

दोन कारणं. पावडरीत सोडा असतो आणि रेशीम-लोकर ही प्रथिनं सोड्याने खरखरीत होतात. दुसरं, डाग काढण्यासाठी पावडरीत एन्झाइम घातलेले असतात. ते रक्त, दूध, वरण यांतली प्रथिनं फोडतात. रेशीमही प्रथिनच, ते त्यालाही खातात. एका धुण्यात कळत नाही, पाच-सहा धुण्यांनी चमक जाते आणि धागा ठिसूळ होतो. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम-लोकरीला अक्षरशः विरघळवतं.

पैठणी किती वेळा ड्रायक्लीन करावी?

नेसली की लगेच नाही. समारंभाहून आल्यावर साडी पंख्याखाली किंवा सावलीच्या वाऱ्यावर पाच-सहा तास मोकळी ठेवा. रात्रभर ठेवली तरी चालेल. घामाची ओल घेऊन घडी घातलेली साडी कपाटात पिवळी पडते. घाम काखेत आणि कमरेत साठतो, तिथे डाग असेल तर मात्र ड्रायक्लीनला उशीर करू नका. देताना डागाची जागा दोऱ्याने खूण करून दाखवा आणि डाग कशाचा ते सांगा. तेलाचा उपाय आणि चहाचा उपाय वेगळा असतो.

परत आणल्यावर प्लास्टिकची पिशवी घरी येताच काढा. साडी मोकळ्या हवेत उघडी ठेवा, पेट्रोलसारखा वास पूर्ण गेल्यावरच कपाटात. अत्तर आणि डिओ साडी नेसण्याआधी, अंगावर. जरीवर फवारा उडाला तर ती काळवंडते.

डाग कसे काढायचे?

कुठल्याही डागावर पहिलं काम म्हणजे तो टिपणं. चोळलं की डाग पसरतो आणि आत जातो. गरम पाणी आणि इस्त्री डाग निघेपर्यंत वर्ज्य.

हळद: साबण लागला की डाग लाल होतो, घाबरू नका. साबण धुऊन टाका, पुन्हा पिवळा होईल. सुती कपडा नीट धुऊन ओलाच कडक उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. एक-दोन उन्हांत जातो. रंगीत कपड्याचा मूळ रंगही उन्हाने विटतो, म्हणून फक्त डागाचा भाग उघडा ठेवून बाकीचा झाका.

तेल-तूप: लगेच टाल्कम पावडर किंवा मैदा जाडसर पसरा, अर्ध्या तासाने झटका, पुन्हा एकदा करा. मग भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटाने लावून धुवा. रेशमावर फक्त पावडर, पुढचं ड्रायक्लीनरकडे.

रक्त: गार पाणी, मीठ. गरम पाण्याने रक्त शिजून धाग्यात बसतं.

चहा: गार पाण्याची धार उलट बाजूने सोडा, म्हणजे डाग आला त्या वाटेने बाहेर जाईल.

शाई: खाली जुनं फडकं ठेवून वरून स्पिरिटचा बोळा दाबा, फडक्याची जागा बदलत राहा.

गंज: लिंबू आणि मीठ लावून ऊन. ब्लीच लावू नका, गंज आणखी गडद होतो.

केळीचा आणि काजूचा चीक: ओला असताना तो दिसतसुद्धा नाही, हवा लागली की तपकिरी होतो आणि मग कायमचा. कोकणात, गोव्यात बागेत काम करताना जुना कपडा वेगळा ठेवतात तो याच अनुभवातून. लागल्याचं कळताच खोबरेल तेल चोळा, मग साबण. वाळलेल्या चिकावर घरगुती उपाय चालत नाही.

पांढरे शर्ट काखेत पिवळे पडतात. ब्लीचने जात का नाही?

घाम आणि डिओडरंटमधली ॲल्युमिनियमची क्षारं मिळून तो थर होतो. क्लोरीन ब्लीचने तो उलट गडद होऊ शकतो. ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेटची पावडर) घ्या, चमचाभर अर्ध्या बादली चांगल्या कोमट पाण्यात, तासभर भिजवा, मऊ ब्रशने हलकं घासून धुवा. फक्त सुती आणि पक्क्या रंगाच्या कपड्यांना. नीळ द्यायची तर ती आधी पेलाभर पाण्यात पूर्ण मिसळा, मग बादलीत ओता. थेट टाकली तर निळे ठिपके पडतात.

पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो.

कपडा किती तास ओला राहिला, यावर तो वास ठरतो. मशीन थांबल्यावर अर्ध्या तासाच्या आत कपडे बाहेर काढा, जादा एक स्पिन द्या. दोरीवर दोन कपड्यांत तळहाताएवढं अंतर ठेवा आणि पंखा खालून वर वारा जाईल असा लावा. पावडर जास्त टाकू नका. न खळबळलेला साबण ओल धरतो. जीन्स आणि जाड टॉवेल उघडीप बघून धुवा.

बुरशीचे काळे ठिपके पडलेच तर कपडा आधी घराबाहेर कोरडा झटका, म्हणजे बुरशी बाकीच्या कपड्यांवर जाणार नाही. सुती असेल तर ऑक्सिजन ब्लीच आणि ऊन. रेशमावर मऊ कोरड्या ब्रशने झाडून लगेच ड्रायक्लीन. जुने ठिपके सहसा पूर्ण जात नाहीत.

सुती साडीला खळ कशी द्यायची?

एक मोठा चमचा आरारूट किंवा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. लिटरभर उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहा, पारदर्शक झालं की उतरवा, गाळा, त्यात तीन-चार लिटर पाणी घाला. धुतलेली ओली साडी त्यात बुडवून सगळीकडे सारखी भिजवा, हलकी दाबून वाळत घाला. गडद साडीवर पांढरे चट्टे येतात ते न गाळल्याने किंवा खळ दाट राहिल्याने.

खळ दिलेली साडी महिनोन् महिने ठेवू नका. कसर पिठावर जगते, पिठासाठी ती साडी कुरतडते. हंगाम संपला की खळ धुऊन काढा, मग ठेवा.

इस्त्रीवरचे ठिपके काय सांगतात?

एक ठिपका सुमारे ११० अंश, दोन १५०, तीन २००. एकावर नायलॉन, ॲक्रिलिक. दोनवर रेशीम, लोकर, पॉलिएस्टर. तीनवर सुती आणि लिनन. टेरिकॉटच्या (पॉलिएस्टर-सुती मिश्रणाच्या) पँटला येणारी चकाकी म्हणजे दबलेला, अर्धवट वितळलेला धागा. ती परत जात नाही. ओलसर फडकं ठेवून किंवा उलट्या बाजूने इस्त्री करा.

स्वेटर धुतल्यावर लहान आणि घट्ट झाला.

लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. गार पाणी, पाच मिनिटं, न पिळता, आडवं वाळवणं. घोंगडी वारंवार धुवायची गरज नाही. दख्खनी मेंढीची लोकर मळ सहज धरत नाही. उन्हात घालून काठीने झटकली की वर्षभर पुरते. शिवाय नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, पहिल्या धुण्यात ती निघून घोंगडी मऊ पडते.

कपड्यांवर गोळे का येतात?

घासलेले तंतू बाहेर येऊन गुंततात. सुती कपड्यावरचे गोळे गळून पडतात. पॉलिएस्टर मिश्रणात चिवट तंतू ते धरून ठेवतात. कपडा उलटा करून धुवा, जीन्सबरोबर टाकू नका.

भारी साड्या कपाटात कशा ठेवायच्या?

जुन्या धुतलेल्या मलमलीत किंवा बिनखळीच्या पांढऱ्या सुती कापडात, एका कापडात एक साडी. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. जरीची बाजू आत घ्या आणि जरीवर जर येणार नाही असं बघा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. साडी विरते ती नेहमी घडीच्या रेषेवर, आणि जरीचा जड पदर असेल तर आधी तिथेच. जड साड्यांचा थर पाच-सहांपेक्षा उंच नको.

डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. जर काळी पडते आणि वास सुटत नाही. पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, लहान मुलं असलेल्या घरात तर नकोतच. वेखंड, लवंग, कडुलिंबाची वाळलेली पानं यांची पुरचुंडी चालते, पण मळकी साडी असेल तर ती वाचवू शकत नाही. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांकडे आधी येते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा आणि पाऊस संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या.

परदेशात राहतो. काही वेगळी काळजी?

सुती कुर्ते गरम ड्रायरमध्ये टाकू नका, भारतात न आटलेला कपडा तिथे एका फेरीत आटतो. थंडीत घरातली हवा फार कोरडी असल्याने पॉलिएस्टरची साडी पायांना चिकटते. आत सुती परकर घाला. थंड देशांत रेशीम-लोकर खाणारा पतंग जास्त आढळतो. शंका आली तर साडी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कापडावर पाणी जमतं.

घडीवर विरलेली आजीची साडी वाचवता येईल का?

आधी उजेडासमोर धरून विरलेल्या रेषा मोजा आणि त्या भागाला ताण देणं थांबवा. ती नेसू नका, टांगू नका. एक-दोन ठिकाणी विरली असेल तर चांगला रफूगार त्याच साडीच्या टोकाचे धागे काढून रफू करतो, म्हणून पदरामागचा किंवा निऱ्यांतला फाटका तुकडाही फेकू नका. अंग सगळंच विरलं असेल आणि काठ-पदर शाबूत असतील, तर ते नव्या रेशमी अंगाला जोडून घेता येतात. जोडण्याआधी नवं रेशीम पाण्याचे थेंब टाकून तपासा, आणि जुन्या काठाच्या मागे पातळ रेशमी जाळीचं अस्तर टाचून घ्या, म्हणजे निऱ्यांचा भार जुन्या धाग्यावर येणार नाही.